नाडी

पुलापासून शेवटच्या दिव्यापर्यंत पळते मी रोज.
डावा हात हलतो, उजवा कमरेवर.
कुत्री फिरवणारे विचारतात, इश्बेल, कुशीत कळ आली का?
कळ नाही हो.
पँट घसरतेय.

मार्चमध्ये हीच पँट पलंगावर उताणी पडून चढवली होती,
श्वास रोखून,
गळाला लागलेल्या माशासारखी उड्या मारत.
तेव्हा तिनं मला धरलं होतं.
आता मी तिला धरते.

नोव्हेंबरात डंडीला आठपर्यंत उजाडत नाही.
टे नदीवरून वारा येतो, थेट समुद्राकडचा,
घोट्यापाशी आत शिरतो
आणि पँट अशी फुगवतो
की वाटावं, गेलेले सेहेचाळीस पौंड
सहज भेटायला आलेत.

बस डेपोत सल्ल्यांना तोटा नाही.
फर्गस म्हणाला, कमरेला दोन घड्या घाल.
घातल्या. पोटावर सायकलची ट्यूब गुंडाळल्यागत झालं.
म्युरियल म्हणाली, सेफ्टी पिन लाव.
दुसऱ्या मैलाला पिन उघडली. पुढचं सांगत नाही.
फोन खिशात ठेवला तर
पँट त्याच्या वजनानं गुडघ्यांची चौकशी करायला निघते.
आणि वरची तर वेगळीच कथा,
एकीवर एक अशा दोन ब्रा,
तरी प्रत्येक पावलाला दोघींचं एकमत होत नाही.

नवे कपडे घे ना, म्हणतात सगळे.
घेतले असते. पण कुठल्या मापाचे?
महिन्याभरानं मी केवढी असेन
हे काउंटरवरच्या पोरीला काय सांगू?
अंगावरचा एक पौंड गेला
की पाकिटातले दोन जातात,
आणि ते काही ढगळ होऊन परत येत नाहीत.

मग रविवारी रात्री
स्वयंपाकघरातल्या टेबलावर पँट उलटी केली.
नाडी होती कधीकाळी,
पहिल्या-दुसऱ्या धुण्यातच निघून गेली.
तेव्हा तिची गरज कुणाला होती?
जुन्या बुटाची जांभळी लेस काढली,
टोकाला पिन अडकवली, नेफ्यात सोडली.
कापड गोळा करायचं, सरकवायचं,
गोळा करायचं, सरकवायचं.
मध्येच पिन कुठं गेली कळेना.
दोन बोटं ठेवून बसले, दाबून, हळूच, मान वाकडी करून.

फेब्रुवारीत नर्स असंच बसली होती
माझं मनगट धरून.
घड्याळाकडे बघत होती.
मग घड्याळ सोडून माझ्याकडे बघायला लागली.
बाहेर पार्किंगमध्ये कुणाची तरी गाडी
केव्हाची चालू होत नव्हती.

सापडली पिन. शिवणीपाशी अडली होती.

त्या लेसवर आणखी पाच आठवडे काढले.
गाठ रोज थोडी पुढं,
लेसची टोकं रोज थोडी लांब,
शेवटी ती टोकंच पायात यायला लागली.
तेव्हा धुऊन, घडी घालून
चर्चच्या जुन्या कपड्यांच्या दुकानात देऊन आले
आणि तिथूनच दोन मापं लहान उचलली,
चार पौंडांत. गुडघ्यावर कुणाच्या तरी पडण्याची
निळसर खूण होती. असू दे.
लेस काढून घ्यायची राहिली.

जानेवारीतला गुरुवार. हिल्टाउनच्या चढावर
एक बाई बसमध्ये चढली, माझ्यापेक्षा तरुण,
कोटाची बटणं न लागणारी,
गाल लाल, बोलायला दम नाही,
कार्ड टेकवताना दोनदा हुकली.
कोटाखाली काळी पँट. आणि पोटावर
जांभळ्या लेसची गाठ,
अगदी टोकाशी, जेमतेम बसलेली.

काय बोलणार?
चालकाशी बोलू नये अशी पाटी आहे,
चालकानं काय करावं ते लिहिलेलं नाही.

आरशात बघत राहिले.
ती दांडे धरत धरत मागं गेली,
खिडकीशी बसली, काचेवरची वाफ पुसली.
मागून कुणीतरी हॉर्न दिला.
दिला तर दिला.
ती नीट टेकेपर्यंत
मी ब्रेकवरचा पाय काढला नाही.